चोक अजून लागलेलाच आहे

आजचा भाग थोडा काळ्या हातांचा आहे. ऐकणाऱ्यांना मागे अधूनमधून इंजिनाचा आवाज येईल, तो मुद्दाम ठेवलाय. वाचणाऱ्यांनी तो मनातल्या मनात ऐकायचा.

आधी एक प्रश्न. तुमच्या घरी कधी बजाज चेतक होती का? आमच्या सांगलीच्या घरी होती. थंडीतली सकाळ, मला शाळेला उशीर झालेला, आणि बाबांचा ठरलेला कार्यक्रम. स्कूटर स्टँडवरून काढायची, कानात पाणी गेलेल्या पोरासारखी एका बाजूला तिरकी करायची, पुन्हा सरळ. मग चोक ओढायचा. एक किक, दोन किक, तिसऱ्याला भर्रर्र. मिनिटभर तसंच थांबायचं, कान देऊन ऐकायचं आणि मग चोक आत ढकलायचा. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं. हाताला माहीत होतं, बस्स.

आज त्या चोकची गोष्ट सांगणार आहे. छोटासा भाग आहे, पण त्याच्यामागे शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. आणि मला तो पुस्तकातून नाही, तर एका जुन्या ट्रकने शिकवला, चांगले दोन महिने छळून.

तारेने बांधलेली झडप

मी सध्या अमेरिकेत, मिशिगन राज्यात ॲन आर्बर गावाजवळ राहतो. दिवसभर कोड लिहितो. गेल्या वर्षी हौस म्हणून १९७२ सालचा शेव्हरोले सी-१० ट्रक घेतला. ट्रक म्हटल्यावर आपल्याकडचा दहा चाकी डोळ्यांसमोर आणू नका. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, इथे ज्याला पिकअप म्हणतात तो. इंजिन मात्र ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचं, व्ही-८. सोप्या भाषेत, चेतकची साधारण चाळीस इंजिनं एकत्र बांधली तर होईल तेवढं. योगायोग बघा, आकुर्डीत चेतकही १९७२ सालीच बनायला लागली.

उन्हाळाभर गाडी मजेत चालली. ऑक्टोबरमध्ये पहिलं दव गोठलं आणि सकाळी गाडी काही केल्या चालू होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन खोकतंय, बंद पडतंय. ॲक्सिलरेटर दहा वेळा पंप केला की कसंबसं धरायचं, पाय काढला की मेलं.

वरचं एअर फिल्टरचं झाकण काढलं. खाली कार्बोरेटर, रोचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट. त्याच्या तोंडाशी एक पातळ पत्र्याची झडप असते, तीच चोक. ती कुणीतरी बारीक तारेने करकचून बांधून ठेवली होती. कायमची उघडी. तिला हलवणारी सळी गायब.

शेजारी एक आजोबा राहतात. आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. त्यांना दाखवलं आणि म्हटलं, "सोपं आहे. विजेवर चालणाऱ्या चोकचं किट मिळतं, नाहीतर केबल टाकून हाताने ओढायचा चोक करतो. एका दुपारचं काम."

ते म्हणाले, "करता येईल. पण ही झडप बांधणारा माणूसही असाच काहीतरी विचार करून गेला असेल. त्याला ती का बांधावी लागली, ते आधी शोध."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पण त्यांच्याकडे हत्यारं होती आणि माझ्याकडे नव्हती, म्हणून हो म्हटलं.

थंडीत पेट्रोलचं काय होतं?

चोक लागतोच कशाला, हे आधी समजून घेऊ.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ जळते. गरम इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनात मोजलं तर, असं मिश्रण पूर्ण जळतं. हे प्रमाण जुळवणं हे कार्बोरेटरचं काम. हवा एका अरुंद गळ्यातून खेचली जाते, तिथे दाब कमी होतो आणि बारीक नळीतून पेट्रोल फवारलं जातं. असा फवारणारा कार्बोरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३च्या सुमारास बनवला आणि पुढे जवळपास शंभर वर्षं जगातल्या गाड्या याच तत्त्वावर धावल्या.

आता थंडी आणा. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक द्रव्यांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ अंशांच्या आसपास उकळतात, जड घटकांना २०० अंशांच्या जवळ जावं लागतं. इंजिन गार असलं की हलका भाग तेवढा वाफ होतो आणि बाकीचं पेट्रोल आतल्या थंड भिंतींना चिकटून बसतं, चहाच्या झाकणाला पाणी धरतं तसं. म्हणजे आपण पेट्रोल पुरेसं देतोय, पण पेटण्यापुरती वाफच सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही.

उपाय काय? जास्त पेट्रोल ओतायचं, म्हणजे त्यातला हलका भाग तरी पुरेल. कार्बोरेटरचं तोंड झडपेनं झाकलं की इंजिन हवा ओढू बघतं, हवा मिळत नाही, आत ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. इंजिनाचा गळा दाबायचा, म्हणून इंग्रजीत नाव चोक. आपल्या स्कूटरमध्ये रचना जरा वेगळी असते, तिथे जादा पेट्रोलची एक स्वतंत्र वाट उघडते. पण काम तेच.

खरी गंमत पुढे आहे. हा गळा किती दाबायचा आणि कधी सोडायचा? कमी दाबला तर गाडी चालूच होत नाही. जास्त दाबला तर प्लग भिजतात. सोडायला विसरलात तर कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन आतून झिजायला लागतं. त्यामुळे चोकचा इतिहास म्हणजे एका साध्या प्रश्नाचा इतिहास आहे: 'आता सोड' हे कोण सांगणार?

आधी हाताने सांगितलं

आमच्या घरापासून फार लांब नाही, डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड यांचं मोठं संग्रहालय आहे. तिथे आजही मॉडेल टी गाड्या चालताना बघायला मिळतात. १९०८ ते १९२७ या काळात बनलेली ही गाडी. नीट बघितलं तर रेडिएटरजवळ, गाडीच्या अगदी पुढे, एक तारेची कडी बाहेर आलेली दिसते. मला आधी वाटलं काहीतरी निसटलंय. तो चोक आहे!

गाडीच्या पुढे का? कारण सुरुवातीच्या मॉडेल टीला स्टार्टर नव्हता. पुढे उभं राहून हँडल मारायचं. मग चोकही तिथेच हाताशी हवा. एका हाताने तार ओढायची, दुसऱ्याने हँडल. इंजिन उलटं फिरलं तर हँडल मनगट मोडायचं, ती वेगळीच भीती. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि माणूस आत बसून गाडी चालू करू लागला. हँडलच्या वेळी रस्त्यावर उभं राहून घेतलेला अंदाज आता सीटवर बसून, डॅशबोर्डवरचं बटण ओढून घ्यायचा होता. अंदाज मात्र माणसाचाच.

म्हणजे माझे बाबा चेतकवर जे करायचे, तेच. थंडी किती आहे, गाडी रात्रभर उभी होती की तासभर, आवाज कसा येतोय, हे सगळं कानाने आणि हाताने मोजायचं.

मग स्प्रिंगने सांगितलं

आता इथून एक उडी घेऊ, जरा लांबची आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये.

जॉन हॅरिसन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सुतारकाम करणारा माणूस, पुढे घड्याळजी झाला. समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे हे कळायला अचूक घड्याळ लागायचं आणि त्यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं होतं. अडचण अशी की गरमी-थंडीत घड्याळाची स्प्रिंग बदलते आणि वेळ चुकते. हॅरिसनने त्याच्या तिसऱ्या घड्याळासाठी, ज्याच्यावर त्याने १९ वर्षं घालवली, एक युक्ती काढली. पितळ आणि पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या. पितळ गरमीत पोलादापेक्षा दीडपटीहून जास्त वाढतं. दोघी एकत्र जखडलेल्या, त्यामुळे गरम झालं की पट्टी एका बाजूला वाकते, गार झालं की परत येते. तापमानाचं रूपांतर थेट हालचालीत. मध्ये वीज नाही, माणूस नाही. ते घड्याळ आजही ग्रिनिचच्या वेधशाळेत आहे.

हीच दुहेरी पट्टी पुढे इस्त्रीत गेली, गीझरमध्ये गेली, आणि अमेरिकेत कार्बोरेटरजवळही पोहोचली. १९३२मध्ये ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक चोक आला. ही कंपनी मिशिगनमधल्याच लॅन्सिंग गावची, आमच्याकडून तासाभराचा रस्ता. दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी केलेली स्प्रिंग थंडीत झडप बंद करते, इंजिनाची ऊब लागली की हळूहळू उघडते. 'आता सोड' हे सांगायचं काम माणसाच्या कानाकडून स्प्रिंगकडे गेलं.

ट्रकवाल्यांनी मात्र हाताचा चोक बरीच वर्षं सोडला नाही. स्वस्त, बिघडायला काही नाही, आणि ड्रायव्हर रोजचाच, त्याला सवय असते. म्हणून १९६०च्या दशकातही बऱ्याच पिकअपमध्ये डॅशबोर्डवर चोकचं बटण दिसतं. माझ्या १९७२च्या गाडीत ते नाही. तिच्यात स्प्रिंग आहे.

पहिला बिघाड, दुसरा बिघाड

आता पुन्हा आमच्या गॅरेजमध्ये. या गाडीत स्प्रिंग कार्बोरेटरवर नसते, बाजूला असते. इंजिनाच्या वरच्या भागात, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, वाटीसारखा एक खळगा असतो. त्यात ती बसते आणि एका उभ्या सळीने वरची झडप हलवते. खळग्याच्या खालून एक्झॉस्टचा गरम धूर जाण्याची वाट असते. त्या धुरावर स्प्रिंग शेकली जाते.

आमची स्प्रिंग खळग्यात होती, पण गंजून दगड झालेली. भंगारातल्या गाड्यांच्या एका मोठ्या आवारात जाऊन मी त्याच काळातली चांगली स्प्रिंग आणि सळी शोधून आणली. बसवली. झडपेची तार कापली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल एकदा खालपर्यंत दाबून सोडलं. हे महत्त्वाचं असतं, कारण पेडल दाबल्याशिवाय झडप मिटायला मोकळी होत नाही. किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू!

आणि पाच सेकंदांत काळा धूर सोडून बंद.

मी वैतागलो. आजोबा शांत. म्हणाले, इंजिन पेटल्याक्षणी चोक थोडासा उघडावा लागतो, नाहीतर ते गुदमरतं. ते काम स्प्रिंग नाही करत. त्यासाठी बाजूला एक छोटी डबी असते, आत रबराचा डायफ्रॅम. इंजिन चालू झालं की त्याच्याच ओढीने डायफ्रॅम आत जातो आणि झडप जराशी खेचून धरतो. तपासायची रीत अगदी साधी. दांडी आत दाबायची, नळीचं तोंड बोटाने बंद करायचं, दांडी सोडायची. आतच राहिली तर डायफ्रॅम चांगला. आमची दांडी लगेच बाहेर आली. रबर फाटलेलं.

डबी बदलली. आता झडपेची फट मोजायची होती. मी ॲप उघडून काहीतरी शोधत होतो, तोवर आजोबांनी ड्रिलची पाती काढली. फटीत योग्य मापाची पाती जेमतेम सरकली पाहिजे, झालं मोजमाप.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली आणि चालू राहिली. एवढा आनंद झाला की मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सकाळचे सात, सांगलीत संध्याकाळचे साडेपाच.

"बाबा, ऐका!"

ते चष्मा कपाळावर ढकलून ऐकत राहिले. मग म्हणाले, "किती वेळ झाला चालू करून?"

"पंधरा मिनिटं असतील."

"अरे मग ही लोड होतेय. चोक अजून लागलेलाच आहे. बंद केला नाहीस का?"

"बाबा, हा आपोआप बंद होतो."

"होतो ना? मग झालाय का?"

मी झाकण काढून बघितलं. झडप मिटलेलीच. ज्या माणसाने आयुष्यात व्ही-८ इंजिन बघितलं नाही, त्याने तेरा हजार किलोमीटरवरून, फोनच्या त्या फुटक्या आवाजात सांगितलं, आणि मी शेजारी उभा राहून कौतुक करत होतो.

तीन शहाणे

स्प्रिंग चांगली होती. मग उघडत का नव्हती? खळग्याला हात जवळ नेला तर कोमट. म्हणजे तिला ऊबच पोहोचत नव्हती.

आजोबांचे गुडघे गेलेत, त्यामुळे गाडीखाली मी आणि वरून सूचना त्यांच्या. एका बाजूच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी अजून एक झडप असते. तिलाही स्वतःची दोन धातूंची स्प्रिंग. इंजिन गार असताना ही झडप बंद राहते, त्यामुळे त्या बाजूच्या गरम धुराला सरळ बाहेर जाता येत नाही, तो वळसा घालून वरच्या मॅनिफोल्डखालून जातो आणि चोकची स्प्रिंग शेकतो. इंजिन तापलं की ती उघडते आणि धूर सरळ सायलेन्सरकडे. आमची झडप उघड्या स्थितीत गंजून अडकली होती, आणि तिच्या बाहेरच्या वजनावर कुणीतरी तार बांधली होती. तीच बारीक तार!

तेव्हा सगळी साखळी डोळ्यांसमोर आली. माझा अंदाज सांगतो. कधीतरी ती खालची झडप खडखड वाजायला लागली असेल, किंवा बंद राहून कार्बोरेटर उन्हाळ्यात तापायला लागला असेल. कुणीतरी म्हणालं, हवीय कशाला ही, उघडी बांधून टाक. त्याच्यापुरता प्रश्न सुटला. पण चोकची ऊब गेली. मग पुढच्या हिवाळ्यात चोक उघडेना, धूर निघायला लागला. कुणीतरी म्हणालं, हे ऑटोमॅटिक चोक भंगारच असतात, बांधून टाक. त्याचाही प्रश्न सुटला. सळी गेली, डायफ्रॅम फाटला तरी कुणाला कळलं नाही. मग आलो मी, आणि तिसरा शहाणा होऊन किट मागवायला निघालो होतो.

तिघांपैकी मूर्ख कुणीच नाही. प्रत्येकाने समोर दिसलेला बिघाड काढला. पण चोकला जी नावं ठेवली गेली, तो बिघाड चोकमध्ये नव्हताच. तो एक हात खाली होता.

कोड लिहिणाऱ्यांना हे ऐकून चुळबुळ होत असेल. मलाही झाली. दोन वर्षांपूर्वी मी कामावर एका जुन्या प्रोग्रॅममधली ३० सेकंद थांबण्याची ओळ काढून टाकली होती. टिप्पणी नव्हती, कारण दिसत नव्हतं, उगाच वेळ जातोय असं वाटलं. महिनाभर सगळं छान. मग एका रात्री सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केले आणि सगळी सिस्टीम आडवी झाली, कारण शेजारच्या डेटाबेसला जागं व्हायला तेवढा वेळ लागायचा. ती ओळ म्हणजे आमचा चोक होता. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

खालची झडप सोडवायला तीन संध्याकाळी लागल्या. गंज सोडवणारं तेल मारायचं, हातोडीने हलके टोले द्यायचे, रात्रभर सोडायचं. तिसऱ्या दिवशी ती 'कच्च' करून हलली. तेवढ्या आवाजासाठी मी आणि ते आजोबा दोघंही ओरडलो.

आता कोड सांगतो

हा इतिहास १९७२वर थांबत नाही. उलट तिथेच वळण घेतो.

३१ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा झाला. गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन १९७५पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तपासणीची सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली ती इथेच, ॲन आर्बरमध्ये. आणि चाचणीची पद्धत बघा: गाडी किमान १२ तास बंद ठेवायची, मग गार इंजिन चालू करायचं आणि पहिल्या क्षणापासूनचा धूर मोजायचा.

आता चोकचं काय होणार ते तुमच्या लक्षात आलं असेल. चोक लागलेला असताना गाडी मुद्दाम जास्त पेट्रोल पिते, म्हणजे सर्वात घाण धूर त्याच मिनिटांत. आतापर्यंत प्रश्न होता गाडी चालू होण्याचा, आता प्रत्येक जादा सेकंदाचा हिशेब द्यायचा होता. मग स्प्रिंगला विजेची शेगडी जोडली, लवकर उघडेल अशा युक्त्या केल्या. पण धातूच्या पट्टीला किती शिकवणार? शेवटी कार्बोरेटरच गेला. शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये १९८७ साली फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे एक छोटा सेन्सर इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजतो, कॉम्प्युटर आकड्यांच्या तक्त्यात बघतो आणि त्याप्रमाणे इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. चोक नाहीसा झाला असं म्हणतात, पण ते खरं नाही. तो तक्त्यातल्या एका रकान्यात राहायला गेला.

आपल्याकडे हे वळण अगदी अलीकडे आलं. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकी फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. म्हणून तुमच्यातल्या ज्यांची पहिली गाडी त्यानंतरची आहे, त्यांनी बहुधा चोक कधी ओढलेलाच नाही. बटण दाबलं, चालू. थंडी किती हे विचारावं लागत नाही. मला यात वाईट काही वाटत नाही. हवा स्वच्छ होते, इंजिन जास्त टिकतं, आणि माझी आईसुद्धा आता स्वतःची स्कूटर एका फटक्यात चालू करते, जी चेतकला हातही लावायची नाही.

फक्त एवढं लक्षात ठेवायला हवं की दर वेळी हे ज्ञान एका जागेवरून दुसरीकडे गेलं, तेव्हा आधीच्या जागेवरचं हळूहळू पुसलं गेलं. स्प्रिंग आली आणि चालवणाऱ्याने ऐकणं सोडलं. कॉम्प्युटर आला आणि गॅरेजमधल्या पोरांना स्प्रिंग कळेनाशी झाली. आमच्या गावातल्या दोन मेकॅनिकना मी या ट्रकबद्दल विचारलं, दोघंही माझ्याच वयाचे, चांगले कामाचे. दोघांनी एकच सल्ला दिला: काढून टाक, किट बसव. त्यांची चूक नाही. ती साखळी त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. मला दाखवायला शेजारी एक आजोबा होते आणि फोनवर बाबा होते, हा निव्वळ नशिबाचा भाग.

उणे १२

शेवटची जुळवणी राहिली होती. स्प्रिंगच्या सळीची लांबी. त्यासाठी स्क्रू नाही, काही नाही. पक्कड घेऊन सळी जराशी वाकवायची. थोडी जास्त वाकली तर चोक उशिरा उघडतो, कमी वाकली तर नीट मिटत नाही. चार सकाळी त्यात गेल्या. दिवसातून एकच प्रयोग करता येतो ना! इंजिन एकदा तापलं की पुन्हा गार व्हायला रात्र जावी लागते. कोडमध्ये आपण मिनिटाला दहा वेळा चाचणी करतो, त्या सवयीला हा चांगलाच धडा होता.

डिसेंबरमधली एक सकाळ, बाहेर उणे १२. गॅरेजचं दार पूर्ण उघडलं, कारण हा धूर बंद जागेत जीव घेऊ शकतो, हे विसरू नका. पेडल एकदा दाबून सोडलं. किल्ली फिरवली. इंजिन पेटलं, डायफ्रॅमने झडप एका झटक्यात पातीएवढी उघडली, रनिंग चढलेलं, पण धूर काळा नाही. मी झाकण न लावता तसाच वाकून बघत राहिलो. झडप हलताना दिसत नाही. घड्याळाच्या तासकाट्यासारखी. नजर काढून पुन्हा बघितलं की थोडी उभी झालेली असते. पाचेक मिनिटांनी ती सरळ उभी राहिली. पेडलला हलकी टिचकी दिली आणि रनिंग धाडकन खाली आलं. गुरगुर, एकसारखी.

आजोबा कॉफीचा मग घेऊन कुंपणापलीकडे उभे होते. त्यांनी काही म्हटलं नाही, मग फक्त वर उचलला.

मी बाबांना फोन लावला. या वेळी काही बोललो नाही, फोन नुसता इंजिनाजवळ धरला. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन गेली.

मग ते म्हणाले, "हां. आता सुटला."

तर मंडळी, या भागापुरतं एवढंच. एक काम देतो. तुमच्या घरात जुनी स्कूटर, जीप, पंप, काहीही चालू करण्याची ज्याची-त्याची खास रीत असेल ना, तिरकं करणं, हात तोंडाशी धरणं, दोन किक रिकाम्या मारणं, ती त्या माणसाला विचारा आणि 'असं का करता?' हेही विचारा. त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवा. पुढच्या एखाद्या भागात आपण ते सगळे आवाज एकत्र ऐकू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटूच.